रोलरवरची फुगडी

"पाय जुळव, पाठ मागे टाक, आणि हात सोडू नको गं चारू."

आईचा हा कधीचा आवाज चारुलताच्या कानात आला, तेव्हा ती रबाळ्याच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये, प्रसादच्या, नवऱ्याच्या, एस्टीम गाडीच्या स्टिअरिंगमागे बसली होती. गौरी-गणपतीत सारवलेल्या अंगणात आई तिच्याशी फुगडी घाली आणि दम लागेस्तोवर गाई, 'फिर गं फिर गं चवळीच्या शेंगे, वाट निघाली वाऱ्यासंगे.' वाट कुठली निघायला? दोघी फिरत त्या जागच्या जागीच.

ही गाडीही जागच्या जागीच पळणार होती. पुढची चाकं जमिनीत बसवलेल्या लोखंडी रोलरवर, मागून जाड पट्टे, कड्यांना आवळून बांधलेले. चाकं फिरली की रोलर फिरणार, आणि इंजिनात किती घोड्यांची ताकद ते भिंतीवरचा काटा सांगणार. याला डायनो म्हणतात, हे नवऱ्याच्या तोंडून ऐकून ऐकून तिला पाठ झालं होतं.

प्रसादला काटा स्वतःच्या डोळ्यांनी बघायचा होता. मशीनवाला अंकुश रोलरच्या ब्रेकपाशी उभा. उरला प्रसादचा मित्र शौनक, पण त्याची गाडी मघाशीच एकसष्टवर जाऊन आली होती. आपल्या गाडीला मागे ठेवायला तो पाय आखडता घेईल, म्हणून त्याच्या पायावर प्रसादचा भरवसा नव्हता.

"तू बस," प्रसाद बायकोला म्हणाला. "बांधलेलीच आहे, कुठे जाणार नाही. नाहीतर तुला कोण देतंय स्टिअरिंग!"

शौनक हसला. "वहिनी, पनवेल आलं की सांगा हं."

पनवेल, पेण, माणगाव, आणि त्याच्या पुढे आईचं गाव. गणपतीपासून आईने अंथरूण धरलं होतं. भाऊ फोनवर सांगे, तिन्हीसांज झाली की रोज विचारते, गाडी आली का. प्रसादचं इकडे एकच, इंजिन खोललंय, एकदा डायनो होऊ दे. एसटीचं नाव काढलं की म्हणे, "घरात गाडी असताना एसटीने माहेरी जाणार? माझी शोभा करायचीय का?" आज सकाळी मात्र त्याने शब्द दिला होता. शौनकला मागे टाकलं, की इथूनच थेट गावी. साड्यांची पिशवी मागच्या सीटवर होती.

"वैनी, मी बोलतो तसं करा," अंकुश म्हणाला. "क्लच दाबा. आता पयला."

ज्या बाईला गाडी येत नाही तिने करावं तसं चारुलताने केलं. उशिरा, चाचपत, गिअर करकरवत. काटा अठ्ठेचाळीसपर्यंत चढला आणि तिथेच दमला.

"ही काय गाडी आहे का हातगाडी?" शौनक म्हणाला.

प्रसादचा चेहरा उतरला. "अंकुश, परत खोलावं लागणार हे. आठवडाभर राहू दे इथेच." मग तिच्याकडे न बघताच, "उतर."

आरशात मागच्या सीटवरची पिशवी दिसत होती.

"एकदा परत करू या," ती म्हणाली. "माझा पाय नीट पडला नाही."

या वेळी ती अंकुशच्या सांगण्याला थांबली नाही. पहिला, दुसरा, तिसरा, चौथा. एकेक गिअर न कुरकुरता बसत गेला. मग तिने पाय पार तळाला नेला. पत्रे थरथरले. समोरच्या मोठ्या पंख्याचा वारा खिडकीतून येऊन तिच्या कपाळावरचे केस उडवायला लागला. एवढा वेग, आणि भिंतीवरचं कॅलेंडर हातभरही जवळ येईना. तिने स्टिअरिंग आणखी घट्ट धरलं. हात सोडू नको गं चारू.

त्रेसष्ट.

प्रसादने शौनकच्या पाठीत थाप मारली. अंकुश काट्याकडे बघतच नव्हता. तो चारुलताच्या गिअरवरल्या हाताकडे बघत होता. मग त्याने रोलरचा ब्रेक हळूच लावला.

"निघू या मग?" तिने विचारलं.

"निघू गं. आता तर दम कळला हिचा. सायलेन्सर बदलला ना, सत्तर काढते बघ. पुढच्या रविवारी इथेच परत बांधू, मग जाऊ तुझ्या आईकडे. ती कुठे पळून चाललीय?" प्रसादने दार उघडलं. "ये बाहेर."

चारुलताने स्टिअरिंग सोडलं नाही. इंजिन हळू गुरगुरत होतं.

"अंकुशभाऊ, पट्टे सोडा."

अंकुशने प्रसादकडे पाहिलं, मग तिच्याकडे. आणि तो मागच्या पट्ट्यापाशी उकिडवा बसला.

"चारू, अगं तू काय..."

"येते मला गाडी," ती म्हणाली. "दुपारी दुपारी शिकले, नेरूळला. लायसन्सही काढलंय. तुम्ही चिडाल म्हणून बोलले नाही."

मागे एक कडी खणकन फरशीवर पडली.

"आई रोज विचारते ना, गाडी आली का? कोण चालवत आणणार, ते मी तिला केव्हाच सांगितलंय."