आपल्यातलं बियाणं

अर्पिताला स्वतःच्या स्त्रीबीजातून मूल होणार नाही, दुसऱ्या बाईचं घ्यावं लागेल, असं यवतमाळच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. तिच्या सासूबाई विजयमालाबाईंनी लगेच अट घातली, "बाहेरच्या बाईचं नोको. कोन्या जातीची असंन, काय मालूम! आपल्यातलीच पाहा."

मग आर्णीला राहणारी अर्पिताची विधवा बहीण प्रेरणा पुढे आली. आपली पोर शेजारणीकडे ठेवून ती दवाखान्यात इंजेक्शनं घेत राहिली. पोट फुगून तिला चालवेना, पण बहिणीची कूस भरावी म्हणून तिनं अवाक्षर काढलं नाही.

नेरला सासरी अर्पिताच्या मुलीचं बारसं थाटात झालं. प्रेरणा हौसेनं पाळण्याजवळ गेली, तशा विजयमालाबाई सगळ्यांदेखत कडाडल्या, "तू मांगं सर वं! पाळण्याले हात नोको लावू. सवाशिणीयचं काम हाय हे."

जमलेल्या बायांनी माना डोलावल्या. त्यांतल्या कितीजणींना खरं माहीत होतं, देव जाणे. अर्पिताला तर माहीत होतं. तीही गप्पच राहिली.

प्रेरणा परसात जाऊन उभी राहिली. थोड्या वेळानं अर्पिता तिथं आली आणि तिनं प्रेरणाचा हात धरला. हिला निदान लाज तरी वाटली, या विचारानं प्रेरणाचे डोळे भरून आले.



अर्पिता हळूच म्हणाली, "ताई, अजून एक वक्ती येशीन ना दवाखान्यात? सासूबाईले आता पोरगा पाह्यजे."