डब्यांची रांग

हवालदार उद्धव गायधनी वर्दीतच गव्हाचा डबा घेऊन पिठाच्या गिरणीत शिरले, तशा रांगेतल्या बायका गप्प झाल्या. "साहेब, तुमचं आधी दळून देतो," गिरणीवाला घाईघाईने म्हणाला.

"नको, मी थांबतो की."

यावर कुणाचा विश्वास बसेना. एका बाईने त्यांचा डबा उचलून पहिल्या नंबरला ठेवला. गायधनींनी तो परत शेवटी आणून ठेवला. बदली होऊन सहा महिने झाले, तरी या गावात त्यांच्याशी कुणी साधं बोललं नव्हतं.

तेवढ्यात रांगेतल्या एक आजी म्हणाल्या, "पोलीसदादा, माझ्या डब्याकडे जरा बघा हो. दूध घेऊन येते."

"या जाऊन, आजी!" गायधनींचा चेहरा खुलला.

मग दुसरीला भाजी आठवली, तिसरीला नातवाची शाळा; एकेक करत सगळ्याच निघून गेल्या. "बायका आल्या तर बसवा," असं सांगून गिरणीवालाही चहाला सटकला. गिरणीत उरले सात डबे आणि हवालदार.

बायकोचा फोन आला. "अहो, दळणाला इतका वेळ?"

"आत्ता निघता येणार नाही," गायधनी ऐटीत म्हणाले. "बंदोबस्तावर आहे."