दगडी स्टूल

चौकात छत्र्या दुरुस्त करणाऱ्या आईचा पुतळा लेकीने त्याच चौकासाठी घडवायला घेतला. मातीचा नमुना झकास उतरला, पण नगरपालिकेत घोडं अडलं.

“जिवंत माणसाचा पुतळा बसवता येत नाही,” साहेब म्हणाले. “आई गेल्यावर अर्ज करा.”

“आणि मग तो आईला दाखवू कसा?”

साहेबांनी पुढची फाईल ओढली.

घरी येऊन लेकीने नमुन्यातली आईच तेवढी तारेने कापून काढली. “अगं, नाक काय जमलं होतं माझं!” म्हातारी हळहळली. उरलं तेवढंच लेकीने दगडात घडवलं: बसायचं स्टूल, हत्यारांची पेटी आणि बाजूला उघडी पडलेली छत्री. माणूसच नाही म्हटल्यावर परवानगी चुटकीसरशी मिळाली.

सगळं बसवून झाल्यावर साहेब पाहणीला आले. आई दगडी स्टुलावर ठाण मांडून एका छत्रीची वाकलेली काडी सरळ करत होती. समोर उभी राहून लेक डोळे भरून बघत होती.

“अहो, हा तर पुतळा पुरा झाला!” साहेब चपापले.

आईने मानही वर केली नाही. “दुपारी मी जेवायला घरी जाते, साहेब. तेवढ्यात उरकून घ्या तुमची पाहणी.”