धुळीचा ठिपका

पहिली चिठ्ठी मास्तरांनी हसतहसत झेलली. 'क्षितिज बरोब्बर मधोमध. फोटोचे दोन तुकडे पडलेत,' असं तिच्यात लिहिलं होतं. वाळवंटात देवाने तेवढंच ठेवलंय, अर्धी वाळू आणि अर्धं आभाळ, आता कुणाचा वाटा कापू ते तुम्हीच सांगा, असं मास्तर म्हणाले आणि खोलीतले वीस-पंचवीस जण हसले.

फोटोवाल्यांच्या या मंडळाचा रिवाज जुना होता. दर रविवारी सकाळी एकाचा फोटो फळ्यावर लागायचा. बाकीच्यांनी बिननावाच्या चिठ्ठ्यांवर चुका काढायच्या आणि ज्याचा फोटो त्याने उभं राहून एकेका चिठ्ठीला उत्तर द्यायचं. उत्तर पटलं नाही, तर मूळ फोटो पडद्यावर दाखवायचा. त्यासाठी कॅमेऱ्यातलं कार्ड जवळ ठेवायचं. तीस वर्षं पोरांच्या चित्रांतल्या चुका काढलेल्या माणसाला या खेळाची कसली भीती?

शेवटच्या रांगेत मास्तरांची बायको मान खाली घालून विणत बसली होती. फळ्याकडे तिने अजून एकदाही पाहिलं नव्हतं. फोटो त्याच दिवशीचा होता. सात महिन्यांपूर्वी मास्तर आणि तिचा धाकटा भाऊ फोटोंसाठी वाळवंटात गेले, गाडी वाळूत रुतली आणि भाऊ मदत आणायला म्हणून पश्चिमेला, डांबरी रस्त्याकडे चालत गेला. तो गेला तो गेलाच. संध्याकाळी एका ट्रकने गाडी ओढून काढली आणि मास्तर एकटे परत आले. ते सांगतील त्या दिशेला नऊ दिवस माणसं वाळू तुडवत होती. तेव्हापासून घरी एकटीला बसवत नाही, म्हणून ती दर रविवारी इथे येऊन बसायची.

दुसऱ्या चिठ्ठीत आभाळ फिकं असल्याची तक्रार होती. तिला मास्तरांनी एका वाक्यात गुंडाळलं. तिसरी त्यांनी वाचली. 'एवढ्या पसाऱ्यात एखादा माणूस हवा होता. त्याशिवाय टेकडी केवढी ते कळत नाही.'

"माणूस नव्हता तिथे," मास्तर म्हणाले.

विणायच्या सुया क्षणभर थांबल्या आणि पुन्हा चालू लागल्या.

चौथी चिठ्ठी बारीक अक्षरातली होती. उजवीकडच्या टेकडीच्या खांद्यावर वाळूच्या रेघा तुटल्या आहेत, तिथलं काही पुसलंय का, एवढंच तिच्यात विचारलं होतं. मास्तरांनी मान डोलावली. कॅमेऱ्याच्या आतल्या काचेवर धूळ बसली होती, तिचा ठिपका आला, तो घरी पुसला. नजर आहे हं कुणाची तरी, अशी शाबासकीही त्यांनी दिली. पुसताना त्यांनी तो ठिपका मोठा करून पाहिला नव्हता. पाहायचं काही कारणच नव्हतं, असं ते गेले सात महिने स्वतःला बजावत आले होते.

बिननावाची चिठ्ठी कुणाची ते लगेच कळलं. कॅमेरे दुरुस्त करणारे अप्पा पहिल्या रांगेतून उठले. धूळ म्हणजे घरजावई, एकदा बसली की जागा सोडत नाही, ते म्हणाले. कॅमेरा कुठेही वळवा, पुढच्या फोटोतही ती त्याच जागी सापडणार. तेवढं दाखवा की मिटलं.

सगळे पुन्हा हसले. मास्तरांनी घड्याळ पाहिलं. कार्ड घरी राहिलं, पुढच्या रविवारी नक्की आणतो, असं ते चिठ्ठ्यांची घडी घालत म्हणाले.

"शर्टाच्या खिशात आहे तुमच्या," मागून बायको म्हणाली. "निघताना मीच दिलं."

तिचा आवाज त्या खोलीत आजवर कुणी ऐकला नव्हता. अप्पांनी हात पुढे केला. मास्तरांनी खिशातून कार्ड काढून त्यांच्या हातावर ठेवलं.

खिडक्यांचे पडदे ओढले गेले. पहिला फोटो आला. तीच टेकडी, तेच आभाळ आणि टेकडीच्या खांद्यावर काळा ठिपका. कोपऱ्यात वेळ होती, चार वाजून दहा मिनिटं. अप्पांनी पडद्याजवळ जाऊन ठिपक्यावर बोट ठेवलं आणि पुढचा लावायला सांगितलं.

दुसरा चार वाजून सोळा मिनिटांचा होता. अप्पांचं बोट होतं तिथे आता नुसती वाळू होती. ठिपका उतारावर निम्म्यात आला होता. अप्पांनी बोट काढून घेतलं. त्यांनी मास्तरांकडे पाहिलं आणि ते आपल्या खुर्चीत जाऊन बसले.

बायको उठून मधल्या वाटेने पडद्यापर्यंत आली. लोकरीचा गुंडा खाली पडून तिच्यामागून घरंगळत आला.

"ही बाजू कुठली?" तिने विचारलं.

"पूर्व," मास्तर म्हणाले.

"लावा पुढचा."

तिसऱ्यात वेळ होती चार पंचवीस. ठिपका टेकडीच्या पायथ्याशी आला होता. त्याला पाय होते. एक हात वर होता.

ती त्या हाताकडे पाहत राहिली. मागे कुणाची तरी खुर्ची करकरली.

"पुढचा लावा," ती म्हणाली.

"पुढचा नाही," मास्तर म्हणाले. "उजेड गेला होता."

पडद्यावर सगळ्या वाळूभर लख्ख ऊन पडलं होतं.