पितळी खलबत्ता

"बापाचा होकार लागतो, बाई. आईचा चालत नाही," डॉक्टर वजीह म्हणाले.

हृदयाचं ऑपरेशन झालं नाही तर बाळ जगणार नव्हतं. बाळाची आई नजला म्हणत होती, करा. तिचा नवरा सफ्वत म्हणत होता, "एवढ्याशा जिवाला सुरी लावू देणार नाही. अल्लाह बघेल."

बाळाचा सातवा दिवस उजाडला. सफ्वतची आई घरचा खलबत्ता घेऊन वॉर्डात आली. सातव्या दिवसाच्या रीतीप्रमाणे तिनं तो बाळाच्या कानाशी ठणठण वाजवला आणि रीतीतलंच नेहमीचं वाक्य म्हणाली, "आईचं ऐक रे राजा, बापाचं ऐकू नकोस!" सगळे हसले. सफ्वतही हसला.

मग म्हातारीनं खलबत्ता डॉक्टरांच्या कानाशी नेला. ठण.

"तूही ऐक, लेकरा. आईचं ऐक. बापाचं ऐकू नकोस."

कुणी हसलं नाही.

होकारासाठी डॉक्टरांनी पुन्हा सफ्वतकडेच पाहिलं.