कॉम्प्युटरची मंगलाष्टकं

सानपाड्यातल्या सोसायटीत कुणाचंही लग्न असो, मंगलाष्टकं साटमच रचायचे. अठ्ठ्याण्णव साली मात्र एका लग्नात वधूच्या इंजिनीयर भावाने स्वतः बनवलेल्या प्रोग्राममधून दोन्हीकडची नावं कॉम्प्युटरला सांगितली आणि चहा निवायच्या आत आठही कडवी छापून घेतली. साटमांना आमंत्रण आलं ते नुसतं पाहुणा म्हणून. मांडवात ते अक्षता मुठीत आवळून, दुसऱ्या हाताच्या बोटांवर वृत्ताची अक्षरं मोजत उभे राहिले. यंत्र कुठेतरी घसरेल अशी आशा होती. घसरलं नाही. 'सावधान' झालं, सगळ्यांनी अक्षता टाकल्या. साटमांची मूठ उघडलीच नाही. शेजारी बायको पदराने डोळे टिपत होती. "अगं, यंत्राने लिहिलंय!" साटम कुजबुजले. "त्याला मुलीची पाठवणी म्हणजे काय कळणार?" "नसेल कळत." "मग रडतेस कशाला?" "तेच कळेना," ती म्हणाली. "तुमच्या मंगलाष्टकांना दरवेळी मुद्दाम रडावं लागायचं. आज रडू आपोआप आलं हो."