दुखायचं थांबलं

कार्ला फाट्यावर गाडी अडकली आणि शालनच्या तोंडचं पाणी पळालं. रविवार होता. पुढं बस, मागं बस, आणि मध्ये मक्याची कणसं खात उभी राहिलेली पुण्या-मुंबईची हौशी मंडळी. मुलगा सुरज हॉर्न वाजवून वाजवून रडकुंडीला आला होता. मागच्या सीटवर नवरा हनुमंत आडवा होता आणि त्याचा डावा पाय शालनच्या मांडीवर. पाय माठासारखा गार लागत होता.

पावसाळ्यात हनुमंताच्या पोटातली मोठी रक्तवाहिनी फुगली, तेव्हा पुण्याच्या डॉक्टरांनी आत जाळीची नळी बसवली होती. रक्त गोठू नये म्हणून गोळ्या दिल्या होत्या. मग भातकापणीत त्याला विळा लागला. रक्त थांबता थांबेना. गोळ्या शालननंच बंद केल्या.

"रक्ताचं पानी झाल्यावर मानसात ऱ्हातंय काय?" असं ती वर ठणकावून म्हणाली होती. डॉक्टरांना विचारावं, हे तिच्या मनातही आलं नाही.

आज डॉक्टर फोनवर म्हणाले, "नळीत गुठळी अडकली असणार. लगेच आणा. पायात जीव आहे तोवर गुठळी काढता येईल. नंतर पायच काढावा लागेल."

हनुमंताची उभी नोकरी खंडाळ्याच्या घाटात, रुळांवरून चालण्यात गेली होती. गावात, औंढ्यात, आजही तो कुणाच्या गाडीवर बसत नसे. तोच माणूस सकाळपासून गुरासारखा ओरडत होता. हे आपणच केलं, या विचारानं शालनचा जीव नुसता जळत होता. ती दोन्ही हातांनी पोटरी चोळत होती. दुसरं तिच्या हाती उरलं होतं काय?

एकाएकी त्याचं ओरडणं थांबलं.

"आवो, काय झालं?"

"काय न्हाई. दुखायचं थांबलं बग." हनुमंत चक्क हसला. "तुझ्या हाताला गुण हाय."

शालनला रडूच फुटलं. पुढची बस हलली, सुरजनं गिअर टाकला. आता एकही गोळी चुकवायची नाही, असं तिनं मनाशी ठरवूनही टाकलं. डोळे पुसायलाही न थांबता ती आणखी जोर लावून चोळू लागली.

हनुमंतानं डोळे मिटून घेतले.

"अगं, हात का काढलास?" तो म्हणाला. "चोळ की."